छपराखालचं ऊन

फोटो पाहिला गं. डोळ्यामागची ती लाल पट्टी दिसली आणि जीव भांड्यात पडला. म्हणजे हे रेड-इअर्ड स्लायडर. मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, आपल्याकडे दुकानांतून घरोघरी पोचलेलं. पट्टी नसती, कुणीतरी तळ्यातून उचलून तुझ्या लेकाच्या हातात ठेवलेलं देशी कासव असतं, तर मी तुला स्टँडबिंड काही सांगितलं नसतं. आधी वन विभागाला कळव म्हटलं असतं. आपल्या तळ्यांतलं साधं पाणकासवसुद्धा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. मार्च २०२५ मध्ये रतनपूरच्या महामाया मंदिराच्या कुंडात २३ कासवं जाळ्यात अडकून मेलेली सापडली, तेव्हा बिलासपूरच्या उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली होती, आठवतंय ना? म्हणून शेजारपाजारचं कुणी ‘घरात कासव शुभ असतं’ म्हणत तळ्यातलं आणून देऊ लागलं, तर हात जोडून नाही म्हण.

आता हे घरात आलंच आहे, तर त्याचं नीट करू. तू विचारलंस, टाकी केवढी घेऊ आणि दुकानातलं तयार झाकण चालेल का. झाकणाचं आधी सांगते: नाही चालणार. ते माशांसाठी असतं. माशाला पाण्याबाहेर यायचंच नसतं, म्हणून ते झाकण टाकीला चिकटून बसतं आणि आत एक एलईडी पट्टी असते. कासवाचं अर्धं आयुष्य पाण्याबाहेर जातं. त्याला कोरड्या दगडावर चढून, मान लांब काढून, मागचे पाय ताणून, बोटं पसरून तास-तासभर पडून राहायचं असतं. ते पडून राहणं आळसाचं नसतं गं. त्यानंच त्याचं अंग तापतं, अन्न पचतं, कवच वाळतं आणि कवचावरची बुरशी दूर राहते. लोक सगळा पैसा काचेत घालतात आणि छपराशी येऊन हात आखडतात. मला विचारशील तर काच थोडी साधी असली तरी चालेल. कासवाची तब्येत छपरात ठरते.

माप घेताना आजच्या कासवाकडे बघू नकोस. आज ते तुझ्या तळहातावर मावतंय. मादी निघाली तर कवच २५ ते ३० सेंटिमीटरचं होतं, नर असला तर साधारण २० चं, आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगतं. तुझा लेक आज चौथीत आहे. त्याचं कॉलेज संपेल, नोकरी लागेल, तरी हे इथंच असेल. पाण्याचा ढोबळ हिशोब असा करतात, की कवचाच्या दर इंचामागे ४० लिटर. म्हणून चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घे. नर असला तर ती बरीच वर्षं पुरेल, पण पूर्ण वाढल्यावर या हिशोबानं त्यालाही अपुरी पडेल. मादी असली तर त्याआधीच याहून मोठी लागेल, ते आत्ताच मनाशी धरून ठेव. दोन फुटी टाकी स्वस्त पडते खरी, पण ती वर्षा-दोन वर्षांत बाद होते, आणि तिच्यासाठी केलेला स्टँड आणि छप्परही तिच्याबरोबर बाद होतं.

आता वजन. हे कागदावर मांडून बघ, कारण दुकानदार सांगत नाही. चार फुटी टाकी दोन तृतीयांश भरली की १६० लिटर पाणी, म्हणजे १६० किलो. ८ मिलिमीटर काचेचे ४० किलो. दगड, फिल्टर, चढायची जागा धरून आणखी वीस-पंचवीस. सव्वादोनशे किलो झाले, स्टँडचं लोखंड वेगळंच. एवढं वजन टीव्हीच्या जुन्या टेबलावर किंवा पार्टिकल बोर्डाच्या कपाटावर ठेवायचं नाही, दिसायला ते कितीही दणकट दिसो. पार्टिकल बोर्डाला दोनदा पाणी लागलं की तो फुगतो आणि मग एका कोपऱ्यातून बसतो. कोपरा बसला की काचेला पीळ पडतो, आणि काच पीळ सोसत नाही.

तुझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. घरांच्या स्लॅबचा हिशोब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो असा धरलेला असतो, तोही सगळ्या खोलीभर पसरून. त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण टाकी खोलीच्या मध्ये ठेवू नकोस. जिथं खाली बीम आहे तिथं, भिंतीला लागून ठेव. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर तर मुळीच नको. रायपूरचं एप्रिल-मेचं चार वाजताचं ऊन त्या काचेतून आत आलं, तर पाणी संध्याकाळपर्यंत कासवाला सोसणार नाही इतकं तापेल.

स्टँड लोखंडाचा कर. आपण लोखंडाच्या गावात राहतो, उरला आणि सिलतराच्या भट्ट्या काही उगाच पेटत नाहीत. चौकोनी पाइप इथं कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा मिळतो. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा घे. वीस फुटी दोन पाइपांत अख्खी चौकट बसते: वरचा आणि खालचा आयत, सहा पाय, आणि वर दोन आडव्या पट्ट्या. चार नव्हे, सहाच पाय. मधले दोन नसतील तर चार फुटांचा पाइप वर्षानुवर्षांच्या वजनानं मध्ये किंचित झोळ घेतो. वेल्डिंगवाल्या भैयाला एक गोष्ट समोर उभी राहून सांग: वरचा लांब पाइप पायाच्या डोक्यावर बसला पाहिजे. पायाच्या बगलेत चिकटवून दिला तर सगळं वजन वेल्डिंगच्या टाक्यावर लटकतं. डोक्यावर बसला तर वजन सरळ पायातून जमिनीत उतरतं आणि टाका फक्त धरून ठेवायचं काम करतो. लाकडाचा केलास तरी हाच नियम, वजन लाकडावर बसावं, स्क्रूवर लटकू नये.

उंची दोन फूट पुरे. त्यावर दीड फुटाची टाकी, त्यावर फूटभर छप्पर. याहून उंच केलास तर पाणी बदलताना स्टुलावर चढावं लागेल. वेल्डिंग झालं की वरच्या बाजूचे टाके ग्राइंडरनं घासून सपाट करून घे. बोट फिरवून बघ, जरासाही खडा लागता कामा नये. मग रेड ऑक्साइड प्रायमर, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात, आणि पायाखाली रबरी बूट. वर १९ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, ज्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो तो, आणि प्लाय व टाकी यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची थर्मोकोलची शीट. ती शीट लोकांना फालतू वाटते. प्लायवर राहिलेला एखादा बारीक उंचवटा ती गिळून टाकते, नाहीतर तोच उंचवटा तळाच्या काचेला एका बिंदूवर टोचत राहतो.

मग पाणसळ ठेवून बघ, लांबीत आणि रुंदीतही. आपल्याकडच्या फरशीला पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो, बाल्कनीजवळ तर हमखास. बुडबुडा मध्ये येईपर्यंत पायाखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकव. टाकीखाली काही सरकवायचं नाही, जे सरकवायचं ते पायाखाली.

इथपर्यंतचं काम भैया करून देईल. पुढचं छप्पर मात्र तू उभं राहून करून घे, किंवा स्वतः कर. लेकालाही हाताशी घे.

छपरानं काय काय करायचं ते आधी समजून घेऊ. कासव बाहेर पडू नये. ही पोरं फार चांगली चढतात, फिल्टरच्या पाइपावर पाय देऊन काठावर येतात. मांजर आत हात घालू नये. दिवे पाण्यात पडू नयेत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आत ऊन असावं. ऊन दोन गोष्टींचं बनलेलं आहे असं धर, एक ऊब आणि दुसरी यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण. उबेसाठी साधा ४० ते ६० वॉटचा तापणारा बल्ब चालतो, आणि दगडावर ३२ ते ३५ अंश मिळायला हवेत. यूव्हीबी ही वेगळी गोष्ट आहे. त्याशिवाय कासवाच्या अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि डी३ नसलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडात आणि कवचात जात नाही. मग कवच मऊ पडतं, दाबलं की दबतं, कडा वर वळतात, पाय वाकतात. पिल्लांमध्ये हे काही महिन्यांत दिसू लागतं, आणि वाकडं झालेलं कवच नंतर सरळ होत नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथंच, कारण चांगली चांगली माणसं फसतात ती याच जागी. टाकी उजेडाच्या खिडकीशी ठेवली म्हणजे ऊन मिळालं असं वाटतं. पण साधी काच यूव्हीबी अडवते. अ‍ॅक्रिलिकची शीटही अडवते. म्हणून छपराच्या वर काच टाकून त्यावर ट्यूब ठेवली तर ती नुसती उजेडाची ट्यूब झाली. बारीक जाळीसुद्धा त्यातला बराच भाग खाते. आणि निळसर, जांभळा दिसणारा एलईडी म्हणजे यूव्हीबी नव्हे. यूव्हीबी डोळ्यांना दिसतच नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी असलेली, वर ५.० लिहिलेली दोन फुटी ट्यूब घे आणि ती जाळीच्या आत, दगडापासून फूटभर उंचीवर बसव. तिच्या मागं चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लाव, म्हणजे वर जाणारा भाग खाली परततो. आणि ट्यूब आणल्याची तारीख तिच्या टोकाला मार्करनं लिहून ठेव. जुन्या जाड ट्यूबा सहा महिन्यांत, नव्या बारीक टी-५ सुमारे वर्षभरात यूव्हीबी देणं कमी करतात. उजेड मात्र आधीसारखाच पडत राहतो, त्यामुळे कळतच नाही.

आता बांधणी. चारी बाजूंना १२ मिलिमीटर प्लायच्या फूटभर उंच पट्ट्या, आतून कोपऱ्यात लाकडी ठोकळे, स्क्रू आणि फेविकॉल. वरचा भाग प्लायनं बंद करू नकोस. अर्ध्या इंच भोकांची जाड गॅल्व्हनाइज्ड जाळी लाव. सगळं प्लायचं केलंस तर ते बारा-तेरा किलोचं होतं आणि रोज उचलताना तुझी पाठ जाते. शिवाय आत वाफ कोंडते. पुढची पट्टी बिजागरीवर उघडणारी कर, म्हणजे खाणं घालायला नि हात घालायला पूर्ण छप्पर काढावं लागत नाही. छप्पर काचेच्या काठावर नुसतं टेकवू नकोस. आतल्या बाजूनं एक बारीक पट्टी लाव, जी काचेच्या आत बोटभर उतरते. मग ते घसरत नाही, आणि आतून ओघळलेलं पाणी टाकीतच परततं.

प्लायचा जीव त्याच्या कडेत असतो. वरचा पापुद्रा पाणी झटकतो, पण कापलेल्या कडेतून, स्क्रूच्या भोकातून, बिजागरीच्या खाचेतून ओल आत शिरते आणि सहा महिन्यांत ती कड पुस्तकाच्या भिजलेल्या पानांसारखी सुटून येते. म्हणून कापून झाल्यावर, जोडायच्या आधी, प्रत्येक कडेला इपॉक्सी किंवा पीयू वार्निशचे तीन हात दे. भोक पाडलंस की त्यातही ब्रश फिरव. आतून पांढरा रंग दे, उजेड फाकतो. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत छप्पर गच्चीवर ठेव. कासव त्याच हवेत श्वास घेणार आहे. कुठं सिलिकॉन भरायचं असेल तर मत्स्यटाकीचं माग. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारायचं औषध घातलेलं असतं, ते पाण्यात उतरतं.

बल्बचा होल्डर चिनी मातीचाच. प्लास्टिकचा होल्डर त्या उष्णतेनं मऊ होतो आणि बल्बसकट खाली येतो. होल्डर साखळीवर लटकव, म्हणजे उंची कमी-जास्त करता येईल. नुसत्या डोळ्यांनी ठरवू नकोस. दगडावर थर्मामीटर ठेवून अर्ध्या तासानं वाच, आणि कासवाची पाठ दगडापेक्षा वर असते हे लक्षात धर. बल्बला तारेची टोपली घाल, चढलेल्या कासवाला तो शिवता कामा नये. होल्डरच्या आसपास बोटभर प्लायही नको, तिथं पत्रा लाव.

आणि वीज. यात एक अक्षर गाळायचं नाही. टाकीला ज्या बोर्डावरून वीज देशील तिथं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे, इलेक्ट्रिशियनला एवढंच सांगितलं की कळतं. बोर्ड टाकीच्या खाली, स्टँडच्या आत नको, बाजूच्या भिंतीवर. आणि प्रत्येक वायर प्लगकडे नेताना आधी प्लगच्या खाली लोंबव, मग वर ने. वायरीवरून ओघळलेला थेंब त्या लोंबत्या भागाच्या तळाशी येऊन जमिनीवर पडतो. सरळ नेलीस तर तोच थेंब प्लगमध्ये शिरतो. पाण्यात हात घालायच्या आधी हीटर आणि फिल्टर बंद. लेकाला तर बोर्डाला हातच लावू देऊ नकोस. दिव्यांना टायमर लाव, दिवसा दहा-बारा तास, रात्री अंधार.

आपलं रायपूर मात्र वर्षभर एकच नियम चालू देत नाही. मेमध्ये बाहेर ४४-४५ अंश, खोलीत ३५ च्या वर. तेव्हा उबेचा बल्ब पूर्ण बंद ठेव, यूव्हीबी तेवढी चालू. पाणी २४ ते २७ अंश हवं असतं. ३० च्या वर जाऊ लागलं तर गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली तरंगत सोड, आणि थोडं थोडं पाणी बदल. कूलरचा झोत टाकीवर येऊ देऊ नकोस. ओल्या अंगावर तो गार वारा लागला की कासवाच्या छातीत कफ धरतो. नाकातून बुडबुडे आले, एका कुशीवर कललेलं पोहू लागलं, तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडे. कूलरच्या दमट हवेनं प्लायही लवकर फुगतो. पावसाळ्यात दिवसच्या दिवस ऊन नसतं, तेव्हा ट्यूबवरच सगळी मदार. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ पर्यंत उतरतो, तेव्हा दीडशे-दोनशे वॉटचा हीटर लागेल, पण काचेचा उघडा नको. मोठं कासव ढुशी देऊन तो फोडतं. जाळीच्या पिंजऱ्यातला घे.

हिवाळ्यात सकाळी आठ-नऊच्या उन्हात त्याला बाल्कनीत टबात बसवलंस तर ट्यूबपेक्षाही छान. अर्ध्या टबावर सावली हवीच, आणि तू शेजारी बस. घारी-कावळ्यांचा भरवसा नाही.

लेकाला एक सवय लाव, टाकीला हात लावला की साबणानं हात धुवायचे, मग तोंडाजवळ न्यायचे. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. याच कारणासाठी अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. फिल्टरचा स्पंज स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, बाथरूममध्ये वेगळी बादली ठेव.

आणखी एक, हे जरा कठोर वाटेल. पुढे कधी जमेनासं झालं, बदली झाली, तर त्याला बूढा तालाबात किंवा तेलीबांध्यात सोडायला जाऊ नकोस. लोक पुण्य समजून सोडतात. हे कासव दांडगं आहे, खाणं आणि उन्हाची जागा दोन्ही बळकावतं, आणि आपली देशी कासवं त्याच्यापुढं मागं पडतात. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात २०१८ मध्ये ते सापडलं, केरळात त्रिशूरच्या कालव्यातही. युरोपनं त्याची आयात १९९७ मध्येच थांबवली. नाहीच जमलं तर मला सांग, आपण वन विभागाशी बोलू, सांभाळणारं घर शोधू. तुझ्या दारातून ते तळ्यात जाता कामा नये एवढंच.

तर आता असं कर. भिंतीची लांबी, बीमची जागा आणि प्लगची उंची मोजून मला पाठव. रविवारी चौबे कॉलनीत मंडळाच्या कार्यक्रमाला येणारच आहेस, तिथूनच आपण दोघी फाफाडीहला जाऊ आणि प्लाय तिथंच कापून घेऊ. दुकानातल्या मशिनीवर कड सरळ निघते. टाकी आली की लगेच कासव आत सोडू नकोस. पाणी भर, फिल्टर आणि दिवे चालू कर, आणि एक पूर्ण दिवस-रात्र तशीच राहू दे. दुसऱ्या दिवशी पाणसळ पुन्हा ठेवून बघ, तळाच्या सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरव. बुडबुडा हलला असेल तर पाणी उपसून पायाखालचा पत्रा बदल, आणि टिश्यू ओला झाला तर टाकी दुकानात परत.